आधी पाय उचलून बघा, मग बॅलन्सिंगचं बोला

पिकअप घेताना गाडी थरथरते, असं कुणी म्हटलं की एक ठरलेला सल्ला फॉरवर्ड होत येतो. त्याचा सारांश असा: आधी बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करा. नाही थांबलं तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार, बदला. वळताना कट-कट आवाज येत नसेल तर एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणारा दांडा, ठणठणीत आहे. चेक इंजिनचा दिवा लागला नसेल तर इंजिनकडे बघायचं कारण नाही. आणि वेग पकडल्यावर थरथर थांबत असेल तर सोडून द्या.

हा सल्ला मी पाळून बसलोय. दोनदा बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट, एक नवी माउंटिंग, आणि थरथर होती तिथेच. शेवटी दोष निघाला उजव्या एक्सलच्या आतल्या जॉइंटमध्ये. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आधी बॅलन्सिंग-अलाइनमेंट.’ चाकाच्या एका बाजूला काही ग्रॅम वजन जास्त झालं की वेगाबरोबर ते चाक उड्या मारू लागतं. बहुतेक गाड्यांत हे ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या आसपास जाणवतं. पण तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबलाय की सोडलाय, याची चाकाला खबरच नसते. पाय उचलला तरी तो वेग आहे तोवर स्टिअरिंग थरथरणारच. तक्रार मात्र ‘पिकअप घेताना’ची आहे, म्हणजे ती वेगाची नसून जोराची आहे. रिकाम्या, सरळ रस्त्यावर थरथर सुरू होईल त्या वेगाला जा आणि पाय अलगद उचला. तत्क्षणी थांबली, तर बॅलन्सिंगवर पैसे घालू नका. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. त्या एवढ्या कारणाने ती थरथरत नाही. चाकाचे नट ढिले नाहीत ना आणि टायरला फुगा आलेला नाही ना, हे मात्र सगळ्यात आधी बघा. बघायला काही लागत नाही आणि राहून गेलं तर जिवावर बेतू शकतं.

‘आवाज नाही, म्हणजे एक्सल चांगला.’ मला सगळ्यात महागात पडलेलं वाक्य हेच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रत्येक एक्सलला दोन जॉइंट असतात. वळताना कट-कट करतो तो चाकाजवळचा, बाहेरचा. गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट बहुधा वेगळ्या घडणीचा असतो: तीन रोलर, तीन खोबणींत मागेपुढे सरकणारे. चाक खालीवर होताना एक्सलची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून ही सोय. वर्षानुवर्षं रोलर त्याच जागी दाबले गेले की खोबणीत खड्डे पडतात. मग जोर आला की रोलर सरकायचे सोडून अडकतात आणि एक्सलला आतबाहेर ढकलतात, दर फेऱ्याला तीनदा. टायरचा घेर साधारण २ मीटर धरला तर ताशी ६० ला चाक सेकंदाला आठ-साडेआठ फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला जवळपास २५ धक्के. गाडी पुढून डावी-उजवी डुलल्यासारखी वाटते. पाय उचलला की जोर जातो, थरथरही जाते, आणि कट-कट कुठेच नसते. जोरात पिकअप घेताना गाडीचं नाक वर उचललं जातं, एक्सलचा कोन वाढतो आणि त्रासही वाढतो; सस्पेन्शन उंच करून घेतलेल्या गाड्यांत तर जास्तच. जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून ग्रीस उडालेलं दिसलं तर संशय पक्का करा. पण बूट शाबूत आहे म्हणून जॉइंट निर्दोष ठरत नाही. नवं ग्रीस भरून पडलेले खड्डे बुजत नाहीत. जॉइंट किंवा पूर्ण एक्सल बदलावा लागतो.

‘मग माउंटिंग बदला.’ माउंटिंगचं काम थरथर गिळण्याचं. ती खराब झाली की पूर्वी केबिनपर्यंत न पोचणारं सगळं पोचू लागतं, आणि त्याची पहिली चाहूल उभ्या गाडीत लागते. ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक घट्ट दाबून डी मध्ये ठेवा, मग न्यूट्रल करा. फरक जाणवण्याइतका असेल तर माउंटिंग बघायला लावा. बसलेल्या माउंटिंगमुळे इंजिन खचतं आणि एक्सलचा कोनही बदलतो, हेही खरं. पण उभी गाडी शांत आणि पिकअपलाच हादरे, अशा वेळी सुरुवात तिथून करू नये.

‘दिवा नाही, म्हणजे इंजिन ठीक.’ अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजलेला प्लग किंवा त्याला व्होल्टेज पुरवणारी थकलेली कॉइल आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) निभावून नेते आणि नेमकी चढावर दगा देते. ठरावीक संख्येने मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) मोजल्याशिवाय दिवा लागत नाही; गाडीतले दोष-कोड वाचणारा स्कॅनर लावला तर अनेक गाड्यांत सिलिंडरनिहाय आकडा आधीच दिसतो. पी०३०२ कोड म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. त्याची कॉइल तिसऱ्याला लावून पाहा. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलचाच. एक खूण आणखी: वेग तोच ठेवून गिअर बदलला आणि थरथरीची लय बदलली, तर ती चाकाकडून नाही, इंजिनकडून येतेय. आणि दिवा लुकलुकत असेल तर जोर लगेच कमी करा, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

‘वेग पकडल्यावर थांबते, सोडून द्या.’ थांबते, कारण एका वेगाने चालायला जोर कमी लागतो. दोष जागच्या जागीच असतो. पहिल्या गिअरला उचलतानाच हादरे येत असतील तर क्लच प्लेटवर तेल आलंय का ते बघा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हीच तक्रार प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसची, म्हणजे त्याच्या सांध्याची, किंवा मधल्या बेअरिंगची असू शकते. क्रॉस तुटला तर शाफ्ट सुटून रस्त्यावर आपटतो, तोही गाडी चालू असताना.