'दुसरी बाजू' कशी दाखवावी: होतकरू डॉक्युमेंटरीवाल्यांना चार सल्ले

परवा दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक किम दोंग-वॉन यांच्या 'सोंगह्वान' (म्हणजे 'परत पाठवणी') या, उत्तर कोरियाचे हेर म्हणून पकडलेल्या म्हाताऱ्या कैद्यांवरच्या डॉक्युमेंटरीचं स्क्रीनिंग संपलं, दिवे लागले आणि पहिलाच हात वर झाला: "पण दुसरी बाजू कुठंय?" हा हात दर वेळी असतोच. तेव्हा कोरियाच्या इतिहासावर डॉक्युमेंटरी काढायची असेल, तर आधी या हाताला खूश करायला शिका.

माणसांत राहू नका. किम सोलच्या सांग्ग्ये-दोंग वस्तीत पाडापाडीचा कोर्टापुरता पुरावा टिपायला एका दिवसासाठी गेले आणि तीन वर्षं राहिले. हाती काय लागलं? २७ मिनिटांची डॉक्युमेंटरी.

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर सरकारी फौजांनी केलेलं १९४८ सालचं हत्याकांड नको. १९९७ मध्ये त्यावरची 'रेड हंट' ही डॉक्युमेंटरी नुसती दाखवली, तर महोत्सव भरवणारा, उत्तर कोरियाचं कौतुक गुन्हा ठरवणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली आत गेला.

टेपांची काटकसर करा. 'सोंगह्वान'ला १२ वर्षं आणि सुमारे ८०० तासांचं फुटेज लागलं. रोज आठ तास बसलात तरी नुसतं बघायला शंभर दिवस. कोण, कधी, कितव्या मिनिटाला काय बोललं हे वहीत उतरवायचं ते वेगळंच. त्यात समोर उत्तरेचे हेर म्हणून पकडलेले म्हातारे, मत बदललं, साम्यवाद सोडला असा कागद लिहून देत नाहीत म्हणून तीस-तीस वर्षं तुरुंगात सडलेले. थेट प्रश्न टाकला की चौकशीतल्या जबानीसारखं घोटलेलं उत्तर येणार. म्हणून आधी कॅमेरा बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर दवाखान्यात रांग लावायची. उत्तर संपलं तरी रेकॉर्डिंग चालू ठेवून वीसेक सेकंद गप्प बसायचं. खरं वाक्य तिथं येतं. शेवटही आपल्या हातात नाही! आठ वर्षं शूटिंग झाल्यावर २ सप्टेंबर २००० ला अशा कैद्यांपैकी ६३ जण सीमेवरच्या पानमुन्जोममार्गे उत्तरेत परत गेले. ज्यांच्याकडून छळ करून कागद लिहून घेतला होता, असे पुष्कळ मागेच राहिले. त्यांच्यावरची पुढची डॉक्युमेंटरी यायला २०२२ उजाडलं. तीन महिन्यांचं शेड्यूल आखणाऱ्यानं हे आणायचं कुठून?

पार्श्वसंगीत मात्र भरपूर घाला.

आणि अहो, हात वर करणारे! म्हातारे उत्तरेचे गोडवे गाऊ लागले की दिग्दर्शकालाच अवघडल्यासारखं होतं, आणि ते तो स्वतःच्या आवाजात पडद्यावर सांगतो. तुमची दुसरी बाजू तीच होती. दक्षिण कोरियात शाळेपासून बातम्यांपर्यंत वर्षानुवर्षं 'लाल, म्हणजे कम्युनिस्ट, म्हणजे राक्षस' एवढंच शिकवलं, तेव्हा हा हात कुठल्या खिशात होता? 'सोंगह्वान'च्या १४८ मिनिटांतली किती मिनिटं फोनमध्ये मान घालून बसला होतात, ते आधी सांगा.