कूलरमध्ये पाणी टाकले का?

खान्देशात सालदाराचे साल अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुटते. वर्षभर मालकाच्या शेतात राबलेला गडी त्या दिवशी हिशेब करून मोकळा होतो आणि पटलेच तर पुढच्या सालाची बोली करतो. माझे साल मात्र नेमके त्याच सुमारास लागते, बोली न होताच लागते, आणि मालक एक नसून सोळा असतात.

आमचे घर अमळनेरला आहे. थोरली बहीण सुरतेत कतारगामला, धाकटा भाऊ पुण्याला आणि आत्या दोंडाईच्याला अशी आमची पांगापांग असली, तरी वैशाख शुद्ध तृतीया जवळ आली की साऱ्यांना हे घर आठवते. उर्वरित महाराष्ट्र अक्षय्य तृतीयेला सोन्याचे दुकान गाठतो. आमच्याकडे तो लेकीबाळींचा सण आहे. माहेरवाशिणीने यावे, गौराईपुढे गाणी म्हणावीत, निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर बसावे आणि कामाला हात लावू नये, अशी रीत आहे. यातला शेवटचा नियम अलीकडे दाजींनीही स्वतःला लावून घेतला आहे.

पूर्वी बहिणीला आणायला मुऱ्हाळी जात असे आणि बैलगाडीत तिच्या सासरच्या तक्रारी ऐकत परतत असे. आता मुऱ्हाळ्याने फक्त सुरत–भुसावळ मार्गावरच्या गाडीचे आरक्षण काढायचे असते. २०२४ साली ते चार महिने आधी खुले होत असल्यामुळे माझा अखाजीचा ताण संक्रांतीचे तिळगूळ वळायच्या आधीच सुरू झाला. ताईने ७ मेला लोकसभेसाठी मतदान करायचे आणि ८ तारखेला निघायचे, असा बेत होता. पण २२ एप्रिललाच सुरतेची जागा बिनविरोध निवडून आली, त्यामुळे ताईला तिकडे थांबण्याचे काही कारण उरले नाही आणि ती ६ तारखेलाच, आरक्षणाविना, चार बॅगा घेऊन अमळनेरच्या फलाटावर उतरली. लोकशाहीचा माझ्या बादलीशी इतका थेट संबंध येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

बादलीचा खुलासा करायला हवा. मे महिन्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकणे ही बातमीसुद्धा मानली जात नाही. अशा दिवसांत घरात सोळा माणसे आणि एकच मोठा कूलर असेल, तर तो कूलर हे कुटुंबातले सर्वांत मानाचे माणूस ठरते. त्याच्यासमोर कोण झोपणार याचा एक अलिखित कायदा आहे. थेट झोतात आई-आबा आणि आत्या, त्यांच्या पायथ्याशी दाजी, मग बायका व लहान मुले, आणि ज्याने कूलर विकत घेतला तो गच्चीवर. कूलरचे पोट मोठे, नळ रोज न येणारा, आणि पाणी ओतायचे ते खिडकीबाहेरच्या लोखंडी घोडीवर चढून. रात्री दोनच्या सुमारास पाणी संपले की नव्या गवताच्या जाळ्यांतून येणारा ओला वास अचानक थांबतो, मोटर कोरडी घरघरू लागते आणि झोपेतच कुणीतरी माझे नाव घेते.

अखाजीला पत्ते खेळायची जुनी चाल आहे. एरवी लॉटरीच्या तिकिटालाही पाप मानणारी माणसे त्या दिवशी निंबाखाली घोंगडी पसरून डाव मांडतात आणि घरची मंडळी तिकडे काणाडोळा करतात. २०२४च्या दोन वर्षे आधी मी त्या डावात सपाटून हरल्यावर बायको म्हणाली, “अहो, बाहेर हरण्यापेक्षा घरातच माझ्याशी पैज लावत जा, म्हणजे निदान उपयोग तरी होईल.” तेव्हापासून आमचा एक गुपित जुगार चालतो. कोणता पाहुणा कोणते वाक्य कधी उच्चारील यावर पैज लावायची, आणि हरणाऱ्याने कूलरमध्ये एक बादली पाणी ओतायचे.

या खेळाने घराचा रंगच पालटला, हे मान्य करावे लागेल. जी वाक्ये ऐकून पूर्वी माझे डोके तापत असे, त्यांची आता मी कान टवकारून वाट पाहतो. दाजी आंब्याच्या पेटीजवळ आले की पूर्वी मी तिथून निघून जायचो. आता मीच त्यांना आग्रहाने बोलावतो, केशर आंबा हातात देतो आणि “आमच्या सुरतेला हेच अर्ध्या भावात मिळतं” हे वाक्य जेवणाआधी बाहेर पडावे म्हणून मनोमन गणपतीला साकडे घालतो. शेजारचे काका रोज सकाळी ओट्यावर येऊन “यंदासारखं ऊन जन्मात पाहिलं नाही” असे सांगतात. ते नऊच्या आत की नऊनंतर, यावर आमच्या तीन बादल्या लागलेल्या असतात. बहुतेक पैजा मीच हरतो, कारण माझ्या नातेवाइकांना माझ्यापेक्षा बायको अधिक ओळखते.

सणाच्या दिवशी, १० मेला, सर्वांत मोठी पैज आत्यावर होती. त्या दिवशी पितरांसाठी घागर भरतात. पाण्याने भरलेल्या मातीच्या घागरीवर डांगर म्हणजे आमचे खरबूज, सांजोऱ्या आणि आंबे ठेवतात, निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकतात, आणि मगच घरात आमरसाला तोंड लावता येते. घागरीबरोबर कुंभाराकडून खापर आणायचे कामही माझ्याकडेच असते. मी नेहमी तीन आणतो, कारण एक गतिरोधकावर जाते, एक चुलीवर तडकते आणि उरलेल्या एकावर पुरणाचे मांडे होतात. त्या वर्षीही या हिशेबात काही फरक पडला नाही.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. चुलीवर उपडे घातलेले खापर तापले की ती हात पाण्यात बुडवते, लोण्यासारखी सैल मळलेली कणीक पुरणासह तळहातावर घेते, या हातावरून त्या हातावर झुलवत मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत वाढवत नेते, आणि ताटापेक्षा मोठा झालेला तो पदर असा अलगद खापरावर सोडते की कडेला सुरकुतीही पडत नाही. त्यानंतर ती ठरल्याप्रमाणे “आजकालच्या पोरींना हे जमायचं नाही” असे म्हणते. पहिल्या मांड्याला म्हणेल, असे मी म्हटले होते. बायको तिसऱ्यावर ठाम होती.

आत्याने तीन मांडे मुकाट्याने टाकले. मग तिने दाराशी मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या भावजयीकडे पाहिले आणि म्हणाली, “फोटू काय काढस? ये, हात भिजव.” भावजयीचा पहिला मांडा कोपरापाशीच फाटला, पुरण खापरावर पडून करपले, आणि जे उरले त्याला भाच्याने गुजरातचा नकाशा म्हणून आमरसात बुडवून खाल्ले. सहावा मात्र गोल उतरला. या शक्यतेवर आम्ही दोघांनीही काही लावलेले नव्हते, म्हणून त्या दुपारची बादली दोघांनी मिळून ओतली.

अखाजी झाली म्हणून पाहुणे जातात, असा कुणाचा समज असेल तर त्याने अमळनेर पाहिलेले नाही. तृतीयेनंतर आठ दिवसांनी, एकादशीला, बोरीकाठी संत सखाराम महाराजांचा रथ निघतो, आणि आता आलोच आहोत तर रथ पाहूनच जाऊ, हे वाक्य इतके निश्चित असते की त्यावर पैज लावण्यात अर्थ नाही. धाकटा तेवढा १३ मेच्या मतदानासाठी पुण्याला परतला. इतका जबाबदार नागरिक आमच्या घरात आहे, हे मला त्याच वर्षी कळले.

याच दिवसांत स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मला बारीक पेन्सिलीच्या रेघा दिसू लागल्या. आठ तारखेला चार, नऊला सात, दहाच्या चौकटीत अकरा. “हा दुधाचा हिशेब का?” असे मी विचारले, तेव्हा बायकोने जरा जास्तच लगबगीने “हो” म्हटले. दूध आम्ही रोज पाच लिटर घेत होतो.

रथाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सारे बैठकीत होतो. दाजी आडवे झाले होते, ताई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती, आणि कूलरची मोटर कोरडी घरघरू लागली. मी तोंड उघडले आणि एकाएकी सगळ्या बैठकीत शांतता पसरली. ताईचा हात शेंगेवरच थांबला. दाजी चक्क उठून बसले. भाची हातात पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकू लागली, आणि बायको भिंतीवरच्या पालीकडे अशा तन्मयतेने पाहू लागली की जणू तिथे रथच निघाला होता.

मी तोंड मिटले, काही न बोलता बादली उचलली आणि घोडीकडे निघालो. मागून आत्याचा खट्टू आवाज आला.

“आज बोलना नही रे भाऊ? मनी पैज गयी ना.”