१७५८ साठी १७६६ ची बंदूक नको

‘फ्रेंच शिपायाच्या वेषात उभं राहायचं तर बाजारातली कुठलीही शार्लव्हिल चालेल’ हे जुन्या लढाया वेष घालून पुन्हा उभ्या करण्याच्या छंदावरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. शार्लव्हिल म्हणजे चकमकीवर उडणारी फ्रेंच लष्करी बंदूक. बाजारात सहज मिळते ती बहुतेकदा १७६३ किंवा १७६६ च्या नमुन्याची प्रतिकृती. उत्तर अमेरिकेत फ्रेंच आणि इंग्रजांमध्ये झालेली कॅरिलॉनची लढाई जुलै १७५८ ची, आणि फ्रान्सनं कॅनडा गमावला तोच मुळी १७६३ च्या तहात. म्हणजे कॅरिलॉनचा फ्रेंच सेनापती मोंकाल्म याच्या सैनिकाच्या खांद्यावर तुम्ही युद्ध संपल्यानंतरची बंदूक देताय! त्याच्यासाठी १७२८ चा नमुना शोधा: तीन कड्यांनी दस्त्याला बांधलेली, सुमारे दोन इंच जास्त लांब नळी. १७६६ ची घ्यायचीच तर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या साराटोगा किंवा यॉर्कटाउनच्या लढाईसाठी खुशाल घ्या, कारण फ्रान्सनं अमेरिकनांना तशा बंदुका पाठवल्या होत्या.

१७२८ ची प्रतिकृती परवडणाऱ्या किमतीत हवी असेल तर बऱ्याचदा ती भारतात बनलेलीच मिळते. मी इथे न्यूयॉर्क राज्यात तशीच घेतली. दिसायला उत्तम, पण यातल्या अनेक बंदुका काना, म्हणजे नळीतल्या दारूपर्यंत आग पोचवणारं बारीक भोक, न पाडता विकल्या जातात, हे लेखात यायलाच हवं होतं. ते भोक स्वतः ड्रिलनं पाडू नका. जाणकार कारागिराकडून आधी नळी तपासून घ्या, बंदुकीत दारू भरायची ती त्यानंतर. माझ्या बंदुकीत चकमक आपटते ती पट्टी इतकी मऊ होती की ठिणगीच पडेना. पट्टीला पुन्हा पाणी देऊन, म्हणजे तापवून कडक करून घेतल्यावर ठिणगी व्यवस्थित उडू लागली.