झिरो माइलवाल्यांचंही पोर्ट्रेट काढा!

वर्षभर गीक मंडळींना, म्हणजे एखाद्या गोष्टीचं वेड असलेल्यांना, समोर बसवून त्यांची पोर्ट्रेट्स काढायची आणि हात चालू असतानाच त्यांना बोलतं करायचं, अशा एका चित्रकला-प्रकल्पावरचा लेख वाचला; कल्पना झक्कास आहे. कॉस्प्लेचे, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश केलेल्यांचे, फोटो ढिगाने सापडतात, पण त्यात पोशाखच जास्त दिसतो. तासभर एका जागी बसवलं की माणूस आपल्या वेडाबद्दल आपसूक बोलायला लागतो.

एकच खटकलं. सुपरहिरो, व्हिडिओ गेम, ॲनिमे एवढ्यावरच का थांबायचं? नागपुरात या ना राजेहो! मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात त्या डायमंड क्रॉसिंगपाशी कॅमेरा घेऊन ताटकळणारे पोट्टे आहेत. इंजिन दिसायचा अवकाश, अजनीच्या इंजिन शेडचं की भुसावळच्या यावर पैजा लागतात.

आमच्या ऑफिसातले एक काका तर झिरो माइलचे, म्हणजे नागपुरातल्या त्या जुन्या दगडी खांबाचे, भक्त. तिथल्या खांबावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट कोरलेली आहे. दशांशचिन्हापुढच्या त्या तीन आकड्यांवर ते अर्धा तास बोलू शकतात. कोणी ‘हा भारताचा मध्यबिंदू’ म्हटलं की उखडलेच! “अरे बाप्पा, तो १९०७ चा सर्वेक्षणाचा बेंचमार्क आहे, उंची मोजायचा!” तोवर चहावर साय धरलेली असते. यांचं चित्र कोण काढणार?

आणि हो, मुलाखती पूर्ण छापा. चित्राखालच्या चार ओळींत अशा माणसांचं भागत नाही.