चप्पल घालून अंघोळ करा म्हणे!

पहाटे साडेपाच. बाहेर नाशिकची थंडी, मला फर्स्ट शिफ्ट, डोक्याला शाम्पू, डोळे मिटलेले. नळ बंद करायला हात लावला आणि अख्खं मुंग्यांचं वारूळ कोपरापर्यंत चढलं! असा ओरडलो की खालची कुत्री भुंकायला लागली. फेसासकट बाहेर येऊन मेन स्विच पाडला, तर अंधारातून आई शांतपणे म्हणते, "अरे, मलापण बसतो बारीकसा. मी आठ दिवस चप्पल घालूनच जाते."

आठ दिवस! देवघरातला बल्ब उडाला तर हिचा मला ऑफिसात फोन येतो. नळाला करंट येतोय हे मात्र सांगण्यासारखं नव्हतं!

बरं, एकटी आई नाही. वॉचमन म्हणाला चप्पल घाला. शेजारचे काका म्हणाले, "आमच्याकडे तर चार वर्षं येतोय, रबरी चप्पल घ्या." गळका करंट जमिनीत नेणारी वायर म्हणजे अर्थिंग. या शहरात त्या अर्थिंगला चप्पल म्हणतात का?

वायरमन "निघालोच" म्हणत अकराला उगवला. तोपर्यंत माझी सुट्टी गेलेली. टेस्टर लावला. "भाऊ, गिझरची कॉइल फुटलीये. पण तुमच्याकडे अर्थिंगच नाही ना." नाही कसं? तीन पिनांचा बोर्ड आहे, तिसरी जाडी पिन काय शोभेला आहे? बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर होती. दोन इंच. टेप गुंडाळून मागे कोंबलेली. नऊ वर्षं आम्ही त्या दोन इंचांच्या भरवशावर अंघोळ करत होतो. बिल्डरने बाथरूमला छतापर्यंत टाइल्स लावल्या, पितळी नळ दिले, मोराचं डिझाइन दिलं. हिरव्या वायरीलाच नेमके पैसे संपले.

आणि यावर त्या महाशयांचा उपाय काय? "न्यूट्रलवरून लूप मारून देतो, पाच मिनिटांचं काम. सगळीकडे तसंच करतो." म्हणजे अर्थच्या जागी करंट परत नेणारी न्यूट्रलचीच वायर जोडायची. सगळीकडे!! अरे बाबा, ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी गिझरच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतील, कॉइल नवीकोरी असली तरी. मी दारात टॉवेल गुंडाळून भाषण ठोकत होतो. एमसीबी, म्हणजे लोड वाढला की पडणारा तो बोर्डातला स्विच, २० अँपिअरच्या वर पडतो, म्हणजे २०,००० मिलिअँपिअर. माणसाला तीसच्या पुढे धोका. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही! माणसाला आरसीसीबी लागतो, करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा, ३० मिलिअँपिअरचा!

तो शांतपणे म्हणाला, "मग तो कुठंय?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "यांनीच काढलाय."

हो. मीच. दोन पावसाळ्यांपूर्वी ऐन मॅचमध्ये तीनदा ट्रिप झाला. गळती कुठून होतेय ते शोधायचं सोडून मी दोन वायरी थेट जोडल्या आणि शेवटची ओव्हर बघितली. हरलो, ते वेगळंच. आणि मी काम कुठे करतो? इथेच अंबडला, इलेक्ट्रिक पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात, १४ वर्षं. तिथे अर्थचा बोल्ट सैल दिसला तर मी पोरांना ओरडतो. आईला आठ दिवस झटके बसत होते ते माझ्या त्या शेवटच्या ओव्हरपायी. वायरमन काही बोलला नाही, नुसता हसला. तेच जास्त लागलं.

पण म्हणून बाकीच्यांना सोडणार नाही! हिरवी वायर ओढायची तर खाली खड्ड्यापर्यंत हवी ना. सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा शोधायला गेलो. कोळसा, मीठ, पाइप, कधीकाळी सगळं होतं म्हणे. आता त्यावर पेव्हर ब्लॉक आणि ब्लॉकवर चेअरमनची गाडी. उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं लागतं, हे कुणाच्या गावीही नाही. सिंहस्थाच्या नावाने सगळं नाशिक खोदून ठेवलंय, द्वारका चौकात पोहोचायला अर्धा तास लागतो, आणि जो एक खड्डा खरंच हवाय तोच या लोकांनी बुजवला! चेअरमन म्हणतात, "पुढच्या मीटिंगला विषय घेऊ." मागच्या मीटिंगला गणपतीच्या वर्गणीवरून दोन तास भांडले होते. वर त्यांचा सल्लाही आलाच. ओळखा कुठला.

आरसीसीबी उद्या येतोय, वायरही उद्याच ओढणार. संध्याकाळी गॅसवर पातेलं तापवून अंघोळ केली. गिझरचा प्लग काढलेला, मेन बंद, मोबाइलच्या टॉर्चचा उजेड.

पायात चप्पल होती.