पडद्यावरचे कागदावर

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या कचेरीत एमएस-डॉसवर, म्हणजे आज्ञा टंकून चालवायच्या जुन्या प्रणालीवर, चालणारा एक संगणक होता आणि त्याच्या शेजारी, लग्नघरात रुसून बसलेल्या मामासारखा, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता. पडद्यावर एका वेळी २५ ओळी मावत; फायलींची यादी त्याहून लांबली की वरच्या ओळी निघून जात आणि गेलेली ओळ परत बोलावता येत नसे. साहेबांना मात्र दर सोमवारी संपूर्ण यादी कागदावर, तारखेसह, हवी असे.

शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन ही बटणे एकत्र दाबली की समोरचा पडदा छापून येई. पण हिशेबाच्या तक्त्याभोवतीच्या सुबक दुहेरी रेघांच्या जागी कागदावर तिरप्या इंग्रजी ‘एम’ची पलटण उभी राहिली, कारण प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या कोष्टकात ज्या क्रमांकावर रेघ होती त्याच क्रमांकावर प्रिंटरच्या कोष्टकात तिरपे अक्षर होते. मग कंट्रोल आणि पी. त्याने पडद्यावर उमटणारी प्रत्येक ओळ प्रिंटरकडेही जाते, आणि ती सोय बंद करायला मी विसरल्यामुळे माझ्या साऱ्या चुकलेल्या आज्ञा, त्यांखालच्या ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’ या शेऱ्यांसह, साहेबांच्या टेबलावर पोहोचल्या.

अखेर मला > हे चिन्ह कळले. शाळेत ते ‘पेक्षा मोठे’ म्हणून शिकवले होते; डॉसमध्ये ते पडद्याकडे निघालेला मजकूर फाइलीत वळवते. एक चिन्ह दिले तर फाइलीतले जुने पुसून नवे लिहिले जाते, दोन दिली तर जुन्याखाली जोडले जाते, हे मी एक यादी गमावून शिकलो. (गमावलेली यादी अर्थातच महत्त्वाची होती; बिनमहत्त्वाच्या याद्या कधी हरवत नाहीत.)

आता आधी तारीख आणि मग यादी एकाच फाइलीत भरावी, असा बेत करून मी ‘डेट’ ही आज्ञा एका चिन्हाने फाइलीकडे वळवली. पडदा गप्प झाला. पाच मिनिटे झाली, पंधरा झाली. मी मॉनिटरला थापटले, वायरी चाचपल्या, शिपाईही दोनदा येऊन हळहळून गेला आणि तिसऱ्या खेपेस धूळ पुसता पुसता त्याचे फडके एंटरवर पडले. यंत्र तत्क्षणी शुद्धीवर आले. ‘डेट’ ही आज्ञा आजची तारीख सांगून थांबत नाही, ती नवी तारीखही विचारते. आणि मी सगळेच फाइलीकडे वळवल्यामुळे तो प्रश्नही निमूटपणे फाइलीत जाऊन बसला होता. यंत्र अर्धा तास माझ्या उत्तराची वाट पाहत होते आणि मी त्याच्या.

यादी तशीच जोडून मी छापली आणि मान खाली घालून पाठवली. संध्याकाळी कागद परत आला. ‘एंटर न्यू डेट’ या ओळीपुढे साहेबांनी लाल शाईने पुढच्या सोमवारची तारीख घालून सही केली होती.