'मुलांना शिकार शिकवा' म्हणणाऱ्या संदेशाला येऊरच्या पायथ्याहून उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. ठाण्यातल्या आमच्या इमारतीच्या ग्रुपवर तो सहाव्या मजल्यावरच्या काकांनी टाकला. त्यांची नात रात्री साडेआठला क्लास सुटल्यावर उपवनच्या बाजूने घरी येते. त्याच आठवड्यात मागच्या भिंतीलगत बिबट्या दिसल्याची बातमी पसरली होती. काकांची काळजी खरी आहे. त्यांनी पाठवलेल्या संदेशातली विधानं मात्र एकेक करून तपासायला हवीत, कारण त्यावर विश्वास ठेवून आपण काही केलं तर तीच काळजी वाढेल.

संदेशाचा गाभा असा: अमेरिकेत बारा वर्षांच्या मुलाला वडील शिकारीला नेतात, म्हणून तिथली मुलं निसर्ग ओळखतात. शिकाऱ्यांच्या पैशावर तिथले वन्यजीव टिकले. आपण १९७२ साली शिकार बंद केली, म्हणून बिबटे वाढले आणि घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत शिरायला लागले. कायदा फक्त जनावरांचा, माणसांना वाली नाही. सलीम अली आणि जिम कॉर्बेटही आधी शिकारीच होते. तेव्हा ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलात मुलांसाठी शिकारीची शिबिरं सुरू करा आणि बिबट्यांची संख्या आटोक्यात आणा. मुलं मोबाइलमध्ये अडकलीत, त्यांना जंगल कळायला हवं.

पहिलं विधान बरंचसं खरं आहे, ते आधी मान्य करते. अमेरिकेत १९३७ साली कायदा झाला आणि बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जायला लागला. त्याआधी, १९३४ पासून, बदकांच्या शिकाऱ्याला दरवर्षी एक खास तिकीट विकत घ्यावं लागतं. त्या पैशातून पाणथळ जागा विकत घेतल्या गेल्या, राखल्या गेल्या. बहुतेक ठिकाणी मुलाला परवान्याआधी वर्गात बसावं लागतं. प्राण्याच्या मागे काय आहे, गोळी चुकली तर कुठे जाईल, हे पाहिल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही, हे त्याला तिथे शिकवतात. हंगाम ठरलेला, किती हरणं मारायची ते ठरलेलं, नर की मादी तेही ठरलेलं. ही शिस्त मला मनापासून आवडते.

पण संदेशाने मधलं पान गाळलंय. एकोणिसाव्या शतकात त्याच देशात शिकार मोकाट होती. आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबुतरांचे थवे बंदुकांनी आणि जाळ्यांनी संपवले. त्या जातीचं शेवटचं कबुतर १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. पांढऱ्या शेपटीची हरणं घटून काही लाखांवर आली. तेव्हा कुठे मांसाच्या बाजारासाठी होणारी शिकार थांबवली, मोजणी सुरू झाली आणि मोजणीवरून शिकारीचा आकडा ठरायला लागला. आधी बंधन आलं, मग हरणं वाढली, मग मुलाच्या हाती परवाना आला. शिवाय लांडगे आणि प्यूमा तिथल्या बहुतेक भागांतून माणसांनी आधीच संपवले होते. हरणांना खाणारं कोणी उरलं नाही म्हणून ते काम माणसाला करावं लागतं. म्हणजे तिथला शिकारी बिबट्याच्या जागेवर उभा आहे. येऊरला बिबट्या अजून आहे.

पैशाचं गणितही इथे जुळत नाही. तिथे घरोघरी बंदुका आहेत, त्यांच्या विक्रीवर कर मिळतो. आपल्याकडे शस्त्र परवान्याला एकवीस वर्षं पूर्ण लागतात आणि ते तसंच असावं असं मला वाटतं.

आता ज्या विधानाने काकांची झोप उडाली त्याकडे येते: शिकारबंदीमुळे बिबटे वाढले आणि वस्तीत यायला लागले.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि आपलं येऊर त्याचाच भाग. २०१५ साली ट्रॅप कॅमेऱ्यांनी, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी, केलेल्या पाहणीत तिथे आणि लगतच्या भागात किमान ३५ बिबटे ओळखता आले. प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांची ठेवण वेगळी असते, त्यावरून ओळखतात. एवढ्याशा जंगलात इतके बिबटे जगतात, कारण त्यांचं खाणं जंगलाच्या आत जसं आहे तसंच आपल्या भिंतीला लागूनही आहे. मानपाडा, वसंत विहार, पोखरण रोड, सगळीकडे तीच कथा. इमारती उतारापर्यंत गेल्या, कचरा भिंतीपर्यंत गेला, कचऱ्यामागे कुत्री गेली.

दोन वर्षांपूर्वी येऊरच्या एका पाड्यातल्या मावशींनी माझ्यासोबतच्या मुलांना पायवाटेवर थांबवलं. वाळून पांढरी पडलेली विष्ठा त्यांनी काडीने फोडली. आत केसांचा गुंता होता. त्यातून त्यांनी एक छोटं, बोथट नख बाहेर काढलं आणि तळहातावर ठेवलं. "कुत्र्याचं," म्हणाल्या. मांजरवर्गातल्या जनावराचं नख आत ओढलं जातं म्हणून टोकदार राहतं, कुत्र्याचं जमिनीवर घासून झिजतं, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. बिबट्या सोसायटीकडे का येतो हे त्या दिवशी मुलांना जितकं कळलं तितकं माझ्या तासभराच्या बोलण्यातून कळलं नसतं.

"मग मारून कमी करा," असं यावर कोणी म्हणेल. बिबट्या आपला इलाका धरून राहतो. वर्षानुवर्षं आपल्या मागच्या उतारावर वावरणाऱ्या नराला माणसांच्या वेळा ठाऊक असतात आणि तो त्या टाळतो. त्याला काढलं की जागा रिकामी होते आणि ती पकडायला नवखी, तरुण, एकमेकांशी झगडणारी जनावरं येतात. जुन्नर वनविभागात २००१ नंतर पकडलेले बिबटे लांबच्या जंगलांत नेऊन सोडले होते. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माणसांवरच्या हल्ल्यांची वर्षाची सरासरी ४ वरून १७ वर गेल्याचं दिसलं. आपल्या उद्यानाभोवतीही २००४ च्या आसपास हल्ल्यांचा जो भयंकर काळ आला, त्या दिवसांत बाहेर पकडलेले बिबटे इथे आणून सोडले जात होते. पिंजऱ्याने रिकामी झालेली जागा आणि गोळीने रिकामी झालेली जागा, येणाऱ्या नवख्या बिबट्याला दोन्ही सारख्याच.

आणि लांब सोडलेला बिबट्या लांब राहतो असंही नाही. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका नराला माळशेज घाटात सोडलं, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून. अभ्यासकांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. तो सुमारे १२० किलोमीटर चालून, रेल्वे आणि महामार्ग ओलांडून आपल्या या उद्यानाच्या बाजूला आला. वाटेत त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदरच्या बाजूला महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला.

आमच्या भिंतीच्या कोपऱ्यात रोज रात्री कोंबडीचा कचरा पडायचा. एका रात्री मी तिथे नऊ कुत्री मोजली. कचरा अंधार पडायच्या आत उचलला जावा यासाठी इमारतीतल्या आम्ही सहा-सात जणींनी पाठपुरावा केला आणि कोपऱ्यावर दिवा लावून घेतला. आता तिथे दोन-तीन कुत्री असतात. काकांच्या नातीच्या वाटेसाठी हे काम कोणत्याही शिबिरापेक्षा आधी करायचं आहे. त्यासोबत रात्री मुलींनी दोघी-तिघींनी मिळून यावं, मोठ्याने बोलत यावं आणि बिबट्या दिसलाच तर त्याला घेरणारी गर्दी जमू देऊ नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये समतानगरच्या मॉलच्या पार्किंगमध्ये बिबट्या आला होता, आठवत असेल. काही तासांनी जवळच्या हॉटेलच्या तळघरात त्याला भुलीचं इंजेक्शन देऊन पकडलं. अशा वेळी वनखात्याच्या माणसांची अर्धी ताकद गर्दी आवरण्यात जाते.

"कायदा फक्त जनावरांचा" हे साफ चूक आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या किंवा बरं न होण्याइतक्या जखमी, आजारी जनावराला मारण्याची तरतूद पहिल्यापासून आहे. त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी, कारणांसह आदेश लागतो. बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतल्या, प्राण्याला आधी पकडण्याचा, बेशुद्ध करण्याचा प्रयत्न शक्य नाही याची त्यांची खात्री व्हावी लागते. एरवी बिबट्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. आणि कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. फासे लावणं, विष घालणं, हाका घालून उठवणं, पक्ष्याचं घरटं किंवा अंडी मोडणं आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. शिबिर काढू पाहणाऱ्यांनी, आणि त्यात आपली मुलं पाठवू पाहणाऱ्यांनी, हे नीट वाचावं.

सलीम अलींचा दाखला वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण त्यातला खरा प्रसंग फार सुंदर आहे आणि संदेशात तो निम्माच आलाय. १९०८ साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, हे खरं. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती हे त्यांना कळेना, म्हणून मामांच्या सांगण्यावरून ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले मानद सचिव मिलर्ड यांनी त्या पोराला हाकलून दिलं नाही. पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. छर्‍याची बंदूक तेव्हा कितीतरी मुलांकडे होती. मिलर्ड एकाच मुलाला भेटले. आपल्या मुलांसाठी काही उभं करायचं तर तो उघडा खण उभा करूया.

कॉर्बेटबद्दल थोडक्यात सांगते. उतारवयात त्यांनी बंदुकीपेक्षा कॅमेरा जास्त हाताळला आणि १९३६ साली कुमाऊंच्या पायथ्याशी राष्ट्रीय उद्यान होण्यासाठी खटपट केली.

शेवटचं विधान, मुलं मोबाइलमध्ये अडकलीत, त्यांना जंगल कळायला हवं. इथे मी संदेश लिहिणाऱ्याच्या पूर्ण बाजूने आहे. वन्यजीव व्यवस्थापन हे तरुण मुलांनी शिकण्यासारखं काम आहेच, आणि ते करायला आपल्या दाराशी जागा आहेत. नेरुळच्या फ्लेमिंगो तळ्याचं बघा. २०२४ मध्ये तिथे भरतीचं पाणी पोचेना, तळं कोरडं पडलं, रोहित पक्षी बिथरले, काही मेले. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे, २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे, पण भरतीला पक्षी विसावतात ती तळी त्या हद्दीबाहेर पडतात. पाणी कुठून येतं, कुठे अडलं, गाळ किती चढला, हे ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून नोंदवणं म्हणजेच व्यवस्थापन.

येऊरलाही असंच. वनरक्षकांबरोबर फासे शोधत फिरताना एका मुलाचा पाय तारेत अडकला. दुचाकीच्या क्लचची तार, एका टोकाला गाठ, दुसरं टोक कारवीच्या बुंध्याला बांधलेलं, जमिनीपासून वीतभर वर. रानडुकरासाठी लावलेली असणार. अशाच तारांत बिबटे कमरेत अडकून तडफडतात. मुलाने ती सोडवली, गुंडाळली, जागा नोंदवली आणि बराच वेळ कोणाशी बोलला नाही. शिकार म्हणजे काय हे त्याला तिथे कळलं.

आणि दरवर्षी बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरची मोजणी असते. वनखात्याच्या परवानगीने, अठरा पूर्ण झालेल्या मुलांना घेऊन आम्ही जातो. दुपारी मचाणावर चढायचं ते सकाळी उतरायचं. अत्तर नाही, भडक कपडे नाहीत, मोबाइल बंद. कागदावर रकाने असतात: वेळ, प्राणी, संख्या, नर की मादी, कुठल्या दिशेने आला. अमेरिकेतल्या त्या मुलाला वर्गात शिकवतात तो संयम इथे रात्रभर बसून येतो.

मागच्या खेपेला माझ्या शेजारी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. साडेदहापर्यंत फक्त एक मुंगूस आणि दोन सांबरं. मग पलीकडच्या नाळेतून भेकर, ते छोटं हरीण, धोक्याचा इशारा देत भुंकलं, थांबलं, पुन्हा भुंकलं. सांबराची मादी मान वर करून तशीच उभी राहिली आणि तिने पाय आपटला. पाण्यावर कोणी आलं नाही. पंधरा मिनिटांनी मुलाने टॉर्च हाताआड धरून कागद पुढे केला आणि वनरक्षकांना कुजबुजत विचारलं, "दादा, बिबट्या लिहू?"

"पाहिलास का?"

"नाही. पण होता ना."

"मग भेकर एक लिही. पुढे कंसात आवाज लिही. बिबट्याच्या रकान्यात शून्य."

त्याने शून्य लिहिलं, वेळ टाकली १०:५०, आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसला.